खंडेनवमीचं तेल

इंद्रजीत कुठलीही गोष्ट अभ्यासाशिवाय करत नसे. वाळूजच्या एका कंपनीत तो तपासणी विभागात होता, आणि कंपनी सुटली तरी त्याची तपासणी सुटत नव्हती. पुंडलिकनगरातल्या घरासाठी साधा पंखा घ्यायचा, तर अख्खा उन्हाळा तुलनेत गेला. पंखा आला तेव्हा घरात स्वेटर निघाले होते. "मला बघायला हे तीनदा आले," त्याची बायको सुलेखा पाहुण्यांना सांगायची, "तिसऱ्यांदा आईनं पोहेच केले नाहीत."

सध्या त्याच्यापुढं एकच प्रश्न होता. मोतीरामभाऊंच्या व्यायामशाळेत डेडलिफ्ट मारताना, म्हणजे जमिनीवरचा जड बार उचलून ताठ उभं राहताना, तो बार धरायचा कसा? पाय, कंबर तयार होती. पण वजन वाढलं की बोटं उघडायची. मनगटाला पट्टे बांधले की काम सोपं, पण स्पर्धेत पट्टे चालत नाहीत. आणि जिल्हा स्पर्धेला इंद्रजीतच्या वजनगटातून एकालाच पाठवायचं होतं. चाळिशी जवळ आली होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

दुसरा उमेदवार सत्यम. मूळचा लासूर स्टेशनचा, क्रांती चौकात मोबाईलचं दुकान. तो एक तळहात आत, एक बाहेर असा बार धरायचा आणि उचलायचा.

"ही मिक्स ग्रिप अडाण्यांची," इंद्रजीत त्याला समजावायचा. "अंगाला पीळ बसतो. एक दिवस दंडाचा स्नायू फाटेल. हूक ग्रिप शास्त्रशुद्ध. अंगठा बारला लावायचा आणि वरून बोटांनी दाबून टाकायचा."

"दुखत नाय का सायेब?"

"दुखतंच. पण सुटत नाही."

"मंग आपली अडाण्याचीच बरी," म्हणून सत्यम पुढचं वजन चढवायचा.

इंद्रजीतचे अंगठे मात्र कायम सुजलेले. सकाळी त्याच्या शर्टाची बटणं सुलेखा लावायची.

निवड दसऱ्याच्या मुहूर्तावर ठरली. आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत त्या दिवशी मशिनी पुसून, तेल देऊन हळदकुंकू वाहतात. व्यायामशाळेतल्या लोखंडाची पूजाही इंद्रजीतनंच मागून घेतली. कंपनीतून तेलाची बाटली आणली, तारेच्या ब्रशनं बार घासला आणि मशीनला देतात तसं सढळ हातानं तेल दिलं. हात बसावा म्हणून बारवर जी खरखरीत नक्षी असते, ती तेलानं भरून गेली. वर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ.

"नवरदेव केला की रे बारचा!" मोतीरामभाऊ खूश झाले.

दसऱ्याला सकाळी सगळे जमले. सुलेखा व्हिडिओ काढायला आली होती. सत्यमनं एकशे ऐंशी किलो उचललं. एकशे नव्वदला बार गुडघ्यापाशी आला आणि धाडकन खाली.

"भाऊ, आज बार लई बुळबुळीत लागून राहिला."

"ग्रिपचा दोष," इंद्रजीत म्हणाला आणि पुढं झाला. अंगठे मुडपले, बोटं वर आवळली, श्वास भरला. बार गुडघ्यापर्यंतसुद्धा आला नाही. हात रिकामे झाले. त्यानं तळवे पाहिले. पिवळे, लाल, चकाकणारे. वासही रोजचा, कंपनीतला.

"कुणी ओतलं इतकं तेल?" मोतीरामभाऊ गरजले.

इंद्रजीत तळवे पँटला पुसू लागला.

"ह्यांनीच की," खुर्चीवरून सुलेखा म्हणाली. "माझी शिलाई मशीनपण अशीच बुडवतात. महिनाभर ब्लाऊजला डाग."

हशा पिकला. बार पुसला, पकड बसावी म्हणून वर चॉकची पूड चोळली, आणि दोघांना एकशे नव्वदचीच एकेक संधी आणखी मिळाली. सत्यमची कंबर आता थकली होती. बार जमिनीवरून जेमतेम हलला. इंद्रजीत वाकला. अंगठा दुमडताच डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्यांदा दुमडून पाहिला. नाही. सगळे बघत होते, सत्यम तर अगदी हातांकडंच. मग इंद्रजीतचा डावा तळहात हळूच बाहेर वळला.

बार वर आला. मांडीपाशी थरथरला, पण सुटला नाही.

"व्हय, पण सायेब," टाळ्या थांबल्यावर सत्यम म्हणाला, "ही तर अडाण्याची!"

"तशी नाही," इंद्रजीत धापा टाकत म्हणाला. "माझा डावा बाहेर असतो, तुझा उजवा. त्यात फार फरक आहे. उद्या समजावतो."

"आधी सोनं घ्या," सत्यमनं आपट्याचं पान पुढं केलं. इंद्रजीतनं चिमटीत धरायला हात नेला. अंगठा बोटाला टेकेना, पान खाली पडलं. सुलेखानं ते उचललं आणि त्याच्या खिशात घालून खिशाचं बटण लावलं.