शेजाऱ्यांचा हुंकार

संक्रांतीनंतरचा सोमवार. लोणारच्या डाकबंगल्यात हजर: सरोवराचे दगड अभ्यासायला आलेले एक जपानी पाहुणे आणि त्यांच्याकडे जपानी शिकणारे आम्ही दोघे, म्हणजे मी शाळामास्तर आणि माझे शेजारी कापडवाले भाऊ.

अक्षरं मला सगळी येतात, भाऊंना निम्मीही नाही. पण भाऊंना गप्प राहून ऐकताच येत नाही. समोर गिऱ्हाईक असो की बायको, त्यांचं मान डोलावत "हाव, हाव" चालूच. जपानीतही ते तसाच हुंकार देतात. मी मात्र वर्गात बसावं तसा स्तब्ध ऐकतो.

उद्यापासून पाहुणे एकालाच सोबत सरोवरावर नेणार होते. मी बूट पॉलिश करून ठेवले होते. त्यांनी भाऊंना निवडलं. मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही गप्प बसता. ऐकताय की कंटाळलात, तेच कळत नाही."

वाटेत भाऊ म्हणाले, "गुरुजी, मले तं अर्धं बी नाही समजलं. काय म्हणत होते ते?"

मी चिडूनच सांगायला लागलो. भाऊ "हाव, हाव" करत राहिले आणि घर आलं तरी माझं सांगणं संपेना.

आजची बाकी कामं उरकली. भाऊंचं अभिनंदन तेवढं राहिलंय.