गाडीच्या बिजागरीला जवसाचं तेल

आमच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार लावायचं म्हणजे आधी ते दोन्ही हातांनी वर उचलायचं, मग आत ढकलायचं आणि वरून कमरेनं एक धक्का द्यायचा. प्रताप नगरात आमच्या घरासमोरून जाणारे लोक हा सोहळा बघायला थांबायचे असं मी म्हणणार नाही, पण चाल मात्र मंद करायचे. गाडी तेवीस वर्षांची, मी अडुसष्टची.

गेल्या महिन्यात एका वळणावर ते दार चालत्या गाडीत उघडलं. शेजारी नात बसली होती. तिनं घरी जाऊन सगळं मीठमसाला लावून सांगितलं. मुलगा म्हणाला, ‘‘आई, रविवारपर्यंत दार नीट झालं तर ठीक. नाही तर गाडी भंगारात आणि तुझं चालवणं बंद.’’ म्हणजे पुढे कुठंही जायचं तर सुनेला वेळ आहे का ते विचारायचं. ते मला जमणारं नव्हतं. माझा नवरा पेपरमधून डोकं न काढता गालातल्या गालात हसला. मग तर दार नीट करून घेणं भागच होतं.

हिंगणा रोडवरच्या मिस्त्रीनं दार उघडून टोकाला धरलं आणि वर-खाली हलवलं. ते सुपासारखं हललं. बिजागरीची पिन झिजली आहे आणि पिनेभोवतीचे बुश, म्हणजे पितळेच्या छोट्या नळ्या, संपूनच गेल्या आहेत, असं त्यानं सांगितलं. आतापर्यंत कोणी पाहिलं नाही का, म्हणाला. पाहिलं होतं, तिघांनी. दार खाली येतं म्हणून तिघांनीही गाडीच्या खांबावरचा, दार ज्यात अडकतं तो खटका तेवढाच खाली सरकवून दिला होता. खाटेचा पाय मोडला म्हणून बाकीचे तीन कापावे, तशातला प्रकार.

नवे बुश मिळेनात. एका दुकानदारानं गाडीचं मॉडेल ऐकून मला आधी बसायला सांगितलं आणि मग पाणी विचारलं, दुःखाच्या घरी विचारतात तसं. शेवटी लेथवाल्याकडून करून घ्यायचे ठरले. त्याचे पहिले दोन सैल निघाले. ‘होऊन जाते काकू’ हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं, की कोणी ‘नाही होत’ म्हणालं असतं तर त्याला जेवायला घातलं असतं.

शनिवारी दुपारी मिस्त्रीनं दाराखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावला आणि पिन ठोकायला घेतली. ती हलेना. अर्ध्या तासानं निघाली ती तपकिरी, चिकट खरवड घेऊन. त्यानं ती बोटावर घेऊन हुंगली.

‘‘काकू, हे ग्रीस नाही. काय टाकत होत्या तुमी यात?’’

आता सांगायलाच हवं होतं. गाडी घेतली तेव्हा मी पंचेचाळीसची, गल्लीत गाडी चालवणारी पहिली बाई, आणि तो शहाणपणा अंगात मावत नव्हता. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की मी कापसाच्या बोळ्यानं बिजागऱ्यांना जवसाचं तेल लावायची. माहेरच्या शेतातला जवस, घाण्याचं तेल. गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसला त्याची सर कुठून येणार? शेजारणींनाही मी हे शिकवलं. त्यांनी ऐकलं नाही, त्यांच्या गाड्यांची दारं अजून लागतात.

‘‘जवसाचं तेल तर सुतार लोक लाकडाले लावते,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘वाळून वार्निश होऊन जाते ते. त्यात धूळ बसली, का पिनेले कानसच लागली समजा.’’

आणि दार लटकायला लागलं तेव्हा त्या शहाण्या बाईनं दोष कोणाला दिला? नवऱ्याला. तुम्ही उतरताना दाराला लोंबकळता, तुमच्या वजनानं दार खाली आलं. हे मी पाहुण्यांसमोरही सांगायची. एक दिवस यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा गाडीला हात लावला नाही.

नवे बुश बसले, पिन बसली, आणि दार मुळीच लागेना. माझा तर रडायचा बेत होता. मग मिस्त्रीच्या लक्षात आलं की खटका तर तीनदा खाली गेलेला. तो त्यानं मूळच्या खुणेवर नेला. दार एका बोटानं लागलं. मी करून पाहिलं, तर हात सवयीनं उचलायला गेले. ‘‘काहून उचलून राहिल्या? जाग्यावर हाय ते,’’ तो वैतागून म्हणाला आणि माझ्याकडून दहादा दार लावून घेतलं.

रविवारी मुलानं दार उघडून-लावून पाहिलं, झोके देऊन पाहिलं, आणि गाडी राहू दे म्हणाला. बिघडलं काय होतं, असंही विचारलं. नवरा तिथंच उभा. लेथवाल्यावर काहीतरी ढकलता आलं असतं. पण मी जवसाच्या तेलाचं सगळं सांगितलं, आणि यांच्या वजनाचा काही संबंध नव्हता हेही.

त्यांनी दार एका बोटानं लावून पाहिलं. मग हात पुढे केला. ‘‘किल्ली दे वं.’’

मी दिली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. बर्डीच्या बाजारापर्यंत त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली नाही, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि मला बोलायला तोंड नव्हतं.