जयवंताची चौकशी

घाटकोपरच्या पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर नंदकिशोर सबनीस राहायचा, आणि सगळी बिल्डिंग त्याला ‘जर्मन’ म्हणायची. आता आपल्याकडे जर्मन म्हणजे खरं तर ती हलकी, पांढरट पातेली. स्वस्तात मिळतात आणि हातातून निसटली की लगेच पोचा येतो. पण नंदकिशोरला हे नाव मानाने मिळालं होतं. मुलुंडच्या ज्या पंपांच्या कारखान्यात तो कारकून होता, त्या कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार झाला होता. जो जर्मन शिकेल त्याला पत्रव्यवहाराचं टेबल देऊ, पुढेमागे तिकडे धाडूही, असं साहेबांनी जाहीर केलं आणि नंदकिशोरने त्याच दिवशी नाव दिलं. आठवड्यातून दोनदा, कारखाना सुटल्यावर, कँटीनमध्ये वर्ग भरायचा. शिकवायला सुनंदाबाई यायच्या.

पहिली परीक्षा तो पास झाला. दुसरीत मात्र सपशेल आपटला. त्या संध्याकाळी बायकोने, शुभाने, दारातच विचारलं, “काय हो, लागला का निकाल?”

“लागला,” तो म्हणाला.

तेवढ्यावर शुभा चप्पल घालून खाली गेली, पेढे आणले आणि दोन्ही मजल्यांवर वाटूनही आली. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता. पण शुभाने पुढे केलेला पेढा त्याने खाल्ला, आणि तिथेच फसला. पुढे वर्गही सोडला. मंगळवार-शुक्रवार उशिरा घरी यायचं म्हणून तो स्टेशनबाहेर उगाच तासभर फिरत राहायचा.

शेजारच्या खोलीत धाकू राऊळ आणि त्यांची बायको रुक्मिणीबाई. मूळचे मालवणकडचे. धाकूंची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून ते घरीच असत. एकुलता एक मुलगा जयवंत हँबुर्गच्या एका कंपनीच्या बोटीवर भटारखान्यात कामाला होता. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं, आणि दोघांनाही वाचता येत नसल्यामुळे ते वाचायला नंदकिशोरकडेच यायचं. शहाऐंशी साली होळीपासून ती पत्रं बंद झाली. एक महिना गेला, दोन गेले. जूनमध्ये एके रविवारी रुक्मिणीबाई पदराला हात पुसत आत आल्या आणि पाटावर बसल्या.

“नंदू, तुका जर्मन येता ना? माझ्या झिलाची जरा चौकशी कर रे बाबा. कसो आसा, काय खाता, हातपाय धड आसत ना. आणि लिही, आवस वाट बघता म्हणान.”

नंदकिशोरला तेव्हाच सांगता आलं असतं. ‘काकी, मला तेवढं येत नाही.’ पाच शब्दांचं काम होतं. पण स्वयंपाकघरातून शुभा म्हणाली, “अहो काकी, त्यात काय, ह्यांच्या डाव्या हाताचा मळ आहे तो,” आणि नंदकिशोर हसला. काही माणसांची अब्रू अशी हसण्या-हसण्यात जाते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तो कारखान्यातल्या टाइपरायटरवर बसला. वहीत त्याने एक वाक्प्रयोग लाल शाईने दोनदा अधोरेखित करून ठेवला होता. सुनंदाबाईंनी सांगितलं होतं, “हरवलेली चप्पल शोधायची असेल तर ‘सूखेन’ म्हणा. पण कचेरीतून कचेरीला लिहिताना शोध घ्या, चौकशी करा असं म्हणायचं तर कसं म्हणाल? नाखफोर्शुंगेन आनश्टेलेन!” केवढा भारदस्त होता तो शब्द! तोंड भरून जायचं. नंदकिशोरला तो इतका आवडला होता की त्या दिवशी तो सुंदर अक्षरात वहीत उतरवण्याच्या नादात बाई पुढे काय म्हणाल्या ते त्याने ऐकलंच नाही. वर्ग मात्र खो खो हसला होता, म्हणून तोही हसला होता.

तो शब्द वापरायची संधी आज आयती चालून आली होती. ‘खलाशी जयवंत धाकू राऊळ यांच्यासंबंधी नाखफोर्शुंगेन आनश्टेलेन करावे,’ असं त्याने ऐटीत लिहिलं. पुढे, तो कोणत्या कामावर नेमलेला आहे हेही विचारावं असं वाटलं. नेमणे म्हणजेही आनश्टेलेनच, हे त्याला शब्दकोशात सापडलं, आणि त्याच शब्दाने त्याने दुसरं वाक्य ठोकून दिलं.

राहिलं रुक्मिणीबाईंचं वाक्य. आई वाट बघते. ते तर अगदी पहिल्या धड्यात होतं, चित्रासकट: खिडकीत उभी एक बाई आणि खाली ‘डी मुटर वार्टेट’. नंदकिशोरने बोटं टाइपरायटरवर ठेवली आणि उचलली. एवढ्या रुबाबदार पत्रात बालवाडीतलं वाक्य कसं घालायचं? हँबुर्गचे लोक हसतील. त्याने ते गाळलं, खाली आपलं नाव, त्याखाली ‘पत्रव्यवहार विभाग’ असं टाइप केलं, आणि कागदही कारखान्याच्या नावाचा वापरला. पत्रव्यवहार विभागात तो कधीच नव्हता.

पाच आठवड्यांनी हँबुर्गहून त्याच्या नावाने उत्तर आलं. शब्दकोश घेऊन तो एका ओळीवर पंधरा-पंधरा मिनिटं बसला. आपल्या विनंतीनुसार आम्ही चौकशी केली आहे. कप्तानासमक्ष सदर इसमाची विचारपूस करून त्याच्या सामानाची झडती घेतली आहे. त्याने काही गैरकृत्य केल्याचं आढळलं नाही. आपल्याजवळ पुरावा असल्यास तो पोलिसांकडे द्यावा. माहिती देणाऱ्याचं नाव आम्ही गुप्त ठेवतो.

झडती? पुरावा? नंदकिशोरच्या काही ध्यानात येईना. दुसऱ्या दिवशी तो सुनंदाबाईंच्या घरी गेला, मुलुंडलाच, आणि एका मित्राचं म्हणून आपल्या पत्राची नक्कल पुढे केली. बाईंनी ती वाचली आणि कपाळाला हात लावला.

“अरे देवा. हे मी वर्गात सांगितलं होतं, नाही का? आनश्टेलेन शब्द एकटा आला की जपा. पुढे ‘इस्ट’ लावलंत तर माणूस नोकरीला आहे. ‘हाट’ लावलंत तर त्याने काहीतरी प्रताप केला आहे. तुमच्या मित्राने ‘हाट’ लावलंय. ह्या माणसाची चौकशी करा आणि त्याने काय दिवे लावलेत ते कळवा, असं झालं हे. एका शब्दानेही कळत नाही की हे घरचं माणूस काळजीने विचारतंय. निदान आईचं नाव तरी घालायचं होतं.”

“हो ना,” नंदकिशोर म्हणाला. चहा पुरा न पिताच तो उठला.

शरमेने तो मेल्याहून मेला झाला होता. मराठीतही चौकशी दोन तऱ्हेची असते हे त्याला काय ठाऊक नव्हतं? आजारी माणसाची करतात ती एक, आणि चोराची करतात ती दुसरी. रुक्मिणीबाईंनी पहिली सांगितली होती. त्याने दुसरी लावून दिली, वर कारखान्याचा ठसा मारून.

घरी गेल्यावर त्याने राऊळांना एवढंच सांगितलं की जयवंत सुखरूप आहे, बोटीवरच आहे. रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. संध्याकाळी त्या नारळाच्या वड्या घेऊन आल्या, आणि त्याने खाल्ल्याशिवाय हलेनात. म्हणून त्याने वडी खाल्ली. पुढे तीन आठवडे जिन्यात जो भेटेल त्याला त्या सांगत होत्या, आमच्या नंदूने जर्मनीहून माझो झील हुडकून दिलो. नंदकिशोर रोज खुलाशाचं पत्र लिहायला बसे. पण खुलासा करायचा तर जर्मन येत नाही हे लिहावं लागलं असतं, आणि तो कागद कारखान्याचा कसा, हेही. रोज तो कागद फाडायचा. उद्या लिहू, असं म्हणायचा.

मग जयवंतचं पत्र आलं. रविवार होता. रुक्मिणीबाई आणि धाकू दोघंही ते घेऊन आले, बाई पाटावर आणि धाकू उंबऱ्याजवळ बसले. शुभा आत भाजी चिरत होती. नंदकिशोरने पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

‘सौ. आईस व बाबांस जयवंताचा साष्टांग नमस्कार. मार्चमध्ये भटारखान्यात उजवा हात भाजला म्हणून लिहिता आले नाही. दुसऱ्याच्या हातचे पत्र बघून तू घाबरली असतीस. आता हात बरा आहे. पण इकडे वेगळेच घडले. मुंबईहून कोणीतरी…’

नंदकिशोर थांबला. पुढच्या ओळी त्याने मनात वाचल्या. ऐकणाऱ्या दोघांनाही अक्षर येत नव्हतं. ‘मुंबईहून कोणीतरी आंबे आणले होते, खाल्ले,’ असं वाचलं असतं तरी खपलं असतं. रुक्मिणीबाई मान पुढे करून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत तसूभरही संशय नव्हता. तो खाकरला आणि जसंच्या तसं वाचू लागला.

‘मुंबईहून कोणीतरी कंपनीला जर्मनमधून पत्र लिहिले की ह्याची चौकशी करा, ह्याने काय गुन्हा केला ते कळवा. कप्तानाने सर्वांसमोर माझी पेटी उघडायला लावली. आई, तू दिलेली कुळथाची पिठी त्यांना नशेची पावडर वाटली. पुडी फोडून हुंगली आणि तपासायला नेली. तीन दिवस मला कामावर घेतले नाही. काही सापडले नाही, पण आता जेवताना माझ्या बाजूला कोणी बसत नाही. आई, मी काहीएक केलेले नाही. तुझी शपथ. आपल्या एवढे वाईटावर कोण आहे? नंदूदादांना सांग. त्यांना जर्मन येते. त्यांनीच ह्याची चौकशी करावी.’

आतला विळीचा आवाज थांबला होता.

“काकी,” नंदकिशोर म्हणाला, “ते पत्र मी लिहिलं होतं.”

मग सगळंच बाहेर आलं. इस्ट आणि हाट, कारखान्याचा कागद, सुनंदाबाई, फाडलेले खुलासे. शुभा दारात येऊन उभी होती, तरी तो थांबला नाही.

“पण तुका तर जर्मन येता,” धाकू गोंधळून म्हणाले.

“नाही येत, काका. नापास झालो मी. ते पेढे खोटे होते.”

रुक्मिणीबाई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मी सांगलंय ता लिवलंस काय? आवस वाट बघता म्हणान?”

“नाही.”

“कित्याक? ता तुका लिवूक येना?”

इथेही एक पळवाट होती. नाही येत म्हटलं असतं तर त्यांनी बिचाऱ्याला सोडून दिलं असतं.

“येत होतं, काकी,” तो म्हणाला. “तेवढं येत होतं. साधं वाटलं म्हणून गाळलं.”

रुक्मिणीबाईंनी त्याच्या हातातून जयवंतचं पत्र काढून घेतलं, घडी घालून कनवटीला लावलं आणि त्या पाटावरच बसून राहिल्या.

“मगे आता लिही. कंपनीक. माझ्यासमोर लिही.”

नंदकिशोरने वहीतला कोरा कागद फाडला. ‘चूक माझी. जयवंत चांगला,’ एवढं त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहिलं आणि त्याखाली तीन शब्द लिहिले. डी मुटर वार्टेट. रुक्मिणीबाई पुढे सरकल्या आणि कागदावर वाकल्या.

“ह्यातली आवस खंयची?”

त्याने मधला शब्द दाखवला. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं, हळदीने पिवळं झालेलं, आणि ते तसंच ठेवून त्या म्हणाल्या, “आता खाली तुझा नाव घाल. कारखान्याचा नको. तुझा.”

त्याने घातलं.