आमचे रेडिओवाले साहेब

उभ्या मराठवाड्यात मुक्याला बोलतं करणारा आणि बोलक्याला गप्प बसवणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे रेडिओवाले साहेब. दुष्काळाची वर्षं होती. मी तेव्हा मुरुमजवळच्या एका गावात दूध संस्थेचा सचिव होतो आणि संस्थेत दुधापेक्षा सभासदच जास्त झाले होते. शेतीविषयक कार्यक्रमासाठी लोकांचे आवाज टिपायला साहेब जीपमधून यायचे. रेडिओवर त्यांचा आवाज असा भारदस्त, की ऐकणाऱ्याला वाटावं, मिशाळ, धिप्पाड गडी असणार. जीपमधून उतरायचा तो मात्र वसईचा एक हडकुळा, चष्मेवाला कॅथलिक माणूस, आणि त्याच्या हातात त्याच्याहून जड टेपरेकॉर्डर. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या चेअरमननी त्यांनाच विचारलं, "साहेब मागच्या गाडीनं येणार व्हय?"

त्यांना सदा घाई. सकाळी सोनारीला, दुपारी वाशीला आणि दिवे लागायच्या आत आमच्याकडं, असला त्यांचा दौरा. जेवताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात टेपचं चाक. पण एकदा का काम सुरू झालं, की सगळ्या गावानं श्वास रोखून धरावा अशी त्यांची अपेक्षा असायची. गिरणी बंद करा, त्या म्हशीला लांब बांधा, तो कोंबडा कुणाचा आहे? एकदा भर बाजारात त्यांनी भांड्याला कल्हई करणाऱ्याला हात जोडून थांबवलं होतं. तो वैतागून म्हणाला, "साहेब, तुमचं बोलून होईस्तवर माझी भट्टी इझंल की!" तर साहेबांनी आधी त्याच्या भट्टीचाच आवाज टिपून घेतला. मग तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटला, की रेडिओत माझा भाता वाजणार हाय.

माइक समोर आला, की आमची माणसं एकदम पुस्तकातली होत. घरी "काय करतूस रं?" म्हणणारा गडी "मी आपणांस सविनय सांगू इच्छितो" असं काहीतरी सुरू करायचा. साहेबांचा त्यावर उपाय होता. माइक मांडीआड धरून ते "दादा, जेवण झालं का? भाजी काय होती?" असं विचारत राहत, आणि माणूस पालकाच्या भाजीवरून कधी विहिरीच्या तळाला पोचला, हे त्याचं त्यालाही कळत नसे. उलट आमच्या चेअरमननी सहकाराचं महत्त्व सांगायला सुरुवात केली, ती संपता संपेना. साहेबांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं, आभार मानले आणि जीपमध्ये बसल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बटण दाबायचं राहूनच गेलं हो!"

बटण दाबण्याआधी ते कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रूस करायचे. आमच्याकडच्या लोकांना वाटलं, यंत्र सुरू करायची तीच रीत असावी. मग बोलायला बसणारा प्रत्येकजण आधी कपाळाला, छातीला हात लावायचा. एकदा एकजण विसरला, तर शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं, "आरं, खांदं र्‍हायलं की! आवाज जायाचा न्हाय!" साहेबांनी हे पाहिलं आणि हसू दाबत बटण दाबलं. रिकाम्या वेळी ते जीपमध्ये बसून जपमाळ ओढत. ती पाहून गावातले एक माळकरी आजोबा फार खूश झाले, पण साहेब कोंबडी खातात हे कळल्यावर त्यांचा जीव तुटला. शुक्रवारी मात्र साहेब मटणाला शिवत नसत. माझ्या बायकोनं विचारलं, "संतोषी मातेचा का वो?" ते म्हणाले, "नाही वहिनी, आमच्या देवाचा." ती म्हणाली, "आसू द्या की, गूळ-फुटाणं त्याला बी चालतील." तेव्हापासून दर शुक्रवारी वसईचा हा माणूस माझ्या ओसरीवर बसून भक्तिभावानं गूळ-फुटाणे खाई.

त्यांचा एक नियम होता. कुणाचा खाजगी निरोप रेडिओवरून द्यायचा नाही. लोक गळ घालायचे, साहेब हात जोडायचे. तो नियम गोदामावशीनं मोडला. ही म्हातारी आपली गाभण म्हैस घेऊन दिवसभर गुरांच्या छावणीत असायची. तिचा एकुलता एक बाबू बापाशी भांडून घरातून निघून गेला होता. बापानं चाऱ्याअभावी बैल विकला, तो बाबूच्या आवडीचा होता. कुठं गेला, कुणालाच माहीत नव्हतं, आणि बापानं त्या धसक्यानं अंथरूण धरलेलं. साहेबांनी छावणीत तिला विचारलं, "मावशी, चारा वेळेवर मिळतो का?" मावशीनं माइक दोन्ही हातांनी धरला, जणू पोराचा कानच हाती लागला होता.

"बाबू, आरं कुठं हैस? म्हस व्यायला झालीया. तुझा बाप भिताडाकडं तोंड करून पडलाय. तुझं नाव घेत न्हाय, पन रातीला दार लावू देत न्हाय. ये की आता! काय बी आनू नको, मोकळ्या हातानं ये, पन ये."

मी माइक काढून घ्यायला पुढं झालो. साहेबांनी मला हातानंच थांबवलं. जीपकडं जाताना मी म्हटलं, "एवढं काढून टाका, नाहीतर तुमच्यावर यायचं." त्यांनी टेपचं चाक जपून पिशवीत ठेवलं. त्या आठवड्यात संध्याकाळी मावशीचा आवाज जसाच्या तसा रेडिओवर आला. वरिष्ठांनी साहेबांना समोर उभं करून विचारलं, "हे शेतीच्या कोणत्या सदरात बसतं?" साहेब शांतपणे म्हणाले, "पशुपालन, साहेब. म्हैस गाभण आहे." या उत्तरापायी त्यांना महिनाभर दौऱ्यावर सोडलं नाही.

बाबू लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करत होता. चहाच्या टपरीवरच्या रेडिओत त्यानं आईला ओळखलं, आणि त्याच्याआधी सगळ्या हमालांनी त्याला ओळखलं. घरी आला तो तणतणतच. "समद्या मोंढ्यात माझी इज्जत घालवली हिनं!" बाप तसाच भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "जेवलास का?" बाबू उंबऱ्यातच बसला आणि लहान लेकरासारखा रडला. पुढं साहेब आले तेव्हा म्हैस व्यालेली होती. मावशीनं त्यांना खरवस चारला आणि बाबूनं न सांगता त्यांचा टेपरेकॉर्डर खांद्यावर घेतला.

मग पाऊसपाणी बरं झालं, संस्थेत दूध आलं आणि साहेबांची बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा ओसरीवर निवांत टेकले. बायकोनं चहा देता देता म्हटलं, "तुमच्या आई रोज ऐकत असतील की तुमचा आवाज!"

साहेब हसले. "आमच्याकडं आपलं केंद्र लागतच नाही, वहिनी. ती मात्र रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसायची. एकदा सुट्टीत न कळवता गेलो, तर गुजराती बातम्या चालू होत्या आणि ती शेजारणीला सांगत होती, 'ऐक, माझा मुलगा बोलतोय.' मी दाराबाहेरच थांबलो, बातम्या संपेपर्यंत."

"आता कशा हायत त्या?"

"गेली. दोन पावसाळे झाले."

बायको पदर सारखा करत म्हणाली, "म्हंजी जाईस्तवर रोज ऐकलाच की वो त्यांनी तुमचा आवाज."

सगळ्या जिल्ह्याला बोलतं करणारा तो माणूस नुसता कपाकडं बघत राहिला. कपातला चहा निवत गेला. बाहेर ड्रायव्हरनं जीप सुरू केली, तरी साहेब उठले नाहीत.

"होय वहिनी," कप खाली ठेवत ते म्हणाले, "ऐकलाच."