झाडणीची मसूर

लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलात एक रीत होती. पोती उतरवताना जे सांडेल ते झाडणाऱ्या बायांचं. ही रीत कुणी लिहून दिली नव्हती, पण मोडलीही नव्हती. धुरपताबाईनं बावीस वर्षं त्याच झाडणीवर चूल चालवली. खडे निवडण्यात तर अख्ख्या मोंढ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं!

महिन्यापूर्वी जहाजानं आलेली परदेशी मसूर मिलात उतरली. दाणा टपोरा, खडा नाही, किडा तर औषधालाही नाही. धुरपताबाई हरखली. लेक आरती सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आणि तिला डोहाळे लागले ते नेमके आमटीचे. "आये, मसुराची कर, लई ग्वाड लागतीया," म्हणायची. आई रोज करायची, वर पोरीच्या ताटात दोन पळ्या जास्तच वाढायची.

सोमवारी सकाळी अन्न खात्याच्या वर्षाराणी मॅडम कागद घेऊन आल्या. मसुरीचा नमुना त्यांनी आधीच तपासायला नेला होता. त्यात तण मारायच्या औषधाचा अंश ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. हा माल कुणाच्या पोटात जाता कामा नये, म्हणून गोदामाला सील लागणार होतं.

धुरपताबाईच्या हातातला खराटा गळून पडला. आपल्याच हातानं, अगं आपल्याच हातानं वाढलं की पोरीला!

मॅडम पोती मोजायला आत गेल्या तसे मुनीम शेषेराव बायांकडे वळले. "झाडणीचा एक शब्द जरी त्यांच्यासमोर काढला, तर उद्यापासून गेटावर दिसू नका. समजलं?"

समजलं की! न समजायला काय झालं? पण धुरपताबाईला मॅडमना एक विचारायचंच होतं. विचारावं तर काम जाणार, सोबत नऊ जणींची झाडणीही जाणार. आणि न विचारता घरी कोणत्या तोंडानं जायचं? आरतीच्या पोटावर हात ठेवला की बाळ आतून ढुशी द्यायचं. काल ते हललं होतं का? तिला काही केल्या आठवेना.

मॅडम गाडीकडे निघाल्या. आता गेल्या तर गेल्याच.

"म्याडम!" धुरपताबाई ओरडलीच. "गरवार बाईनं ही मसूर महिनाभर खाल्ली तर... काय व्हतं वो?"

मॅडम थांबल्या. "कुणी खाल्ली?"

"माझ्या लेकीनं. म्याच वाढली." तिला रडू आवरेना.

"आजच तिला दवाखान्यात न्या. मावशी, इतक्यानं काही होईलच असं नाही. पण होणारच नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

मागून नीलम्मा पुढं आली. "माझा नातू दोन वर्साचा हाय." मग चांगुणा आली. मग रेणुका. एकेक करत सगळ्याच जणी गाडीभोवती जमल्या.

शेषेराव तरातरा चालत आले. आता ह्यो आपल्याला हाकलणार, म्हणून धुरपताबाईनं डोळे मिटले. पण ते मॅडमजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, धुऊन घेतली तर जातं का हो ते? म्हातारीला रोज हिचंच पातळ वरण देतो आम्ही."