वावरात वाळत घातलेली बोट

बार्शीटाकळीच्या रस्त्याला माझ्या थोरल्या भावाचं वावर आहे. त्या उन्हाळ्यात तिथं कडुलिंबाजवळ, चार ड्रमांवर, एक मोटारबोट पालथी घातलेली होती. जवळचं पाणी म्हणजे विहिरीचं, आणि तेही तळाला गेलेलं. रस्त्यानं जाणारा जो तो गाडी थांबवायचा.

“काहून भाऊ, पूर येनार हाये का?” एकानं विचारलं.

“येनार हाये. आत्ताच नंबर लावून ठेव, जागा कमी हायेत,” भाऊ मान वर न करता म्हणाला.

भावाचा सारा जन्म धामणगावच्या जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यानं धरणात लोकांना बोटीनं फिरवायची परवानगी मिळवली आणि कुठूनशी ही जुनी फायबरची बोट आणली. पावसाळाभर ती पाण्यातच होती. दिवाळीनंतर एक मोठे पाहुणे शुभारंभाला यायचे ठरले. बोट सकाळी बाहेर काढली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरकडून संध्याकाळपर्यंत लालभडक करून घेतली. लाल रंग फोटोत खुलतो, असं पाहुण्यांच्या माणसाचं म्हणणं होतं. फोटो खरंच खुलले.

मग बोटीच्या पोटावर फोड आले. आधी हरभऱ्याएवढे, मग बोराएवढे, काही पुरीसारखे टम्म. तपासणीला आलेल्या इंजिनिअरनं त्यातला एक अंगठ्यानं दाबला. आतलं आंबूस पाणी त्याच्या शर्टावर उडालं. त्यानं शेरा मारला: पोट दुरुस्त झाल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये.

मी अमरावतीच्या कॉलेजात शिकवून मोकळा झालेला. मदतीला म्हणून गेलो. मदत म्हणजे सावलीत बसून मत देणं, ते मी आयुष्यभर केलंच होतं. भावानं मात्र एकेक फोड फोडला, कानशीनं घासला, गोड्या पाण्यानं धुतला. मग सगळा लाल रंग खरवडून काढला आणि बोट उन्हात सोडून दिली. अकोल्याच्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या. कुणाला तरी ते हवं आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुपारी जेवण झालं की मी बोटीखाली जाऊन पडायचो. रंग निघाल्यावर फायबरमधून ऊन झिरपायचं, मधाच्या रंगाचं. जिथं ओल मुरलेली तिथं काळपट डाग दिसायचे, आणि ते रोज थोडे लहान व्हायचे. बाहेर काळी माती भेगाळलेली, तिच्यावर हवा थरथरत असायची. डोळे मिटायला लागले की ते थरथरणं लाटांसारखं वाटे. आपण तळाशी आहोत, वरून सावकाश कुणाची तरी नाव चालली आहे, असं काहीतरी. मग वहिनी चहासाठी हाक मारायच्या आणि मी धरणातून सरळ तुरीच्या ढिगाऱ्यापाशी बाहेर यायचो.

अशात पाहुण्यांच्या माणसाचा फोन आला. अक्षय तृतीयेला पुन्हा शुभारंभ. एकाच वस्तूचं उद्घाटन किती वेळा करावं याला आपल्याकडे मर्यादा नाही. त्या मुहूर्तावर बोट पाण्यात दिसली नाही तर पुढची परवानगी दुसऱ्याला जाईल, हेही त्यानं गोड आवाजात सांगितलं. भाऊ त्या रात्री जेवला नाही.

दोन दिवस आधी पेंटर डबे घेऊन हजर. भाऊ बोटीशी वाकला, गाल तिच्या पोटाला लावला आणि डोळे मिटून उभा राहिला. जिनिंगमध्ये तो कापूस असाच बघायचा. ओला असला की गालाला गारवा कळतो. ओल मोजायचं यंत्र नंतर आलं, गाल आधीचा. मग त्यानं आदल्या संध्याकाळी चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा सोडवला. आतून दव धरलं होतं.

“वली हाये,” भाऊ म्हणाला.

“भाऊ, वरून रंग मारला का कोनाले दिसते?”

“मले दिसते.”

पेंटर हसला. “तुमी लोकाइच्या कापसाच्या गाड्या वल्या म्हनून परत पाठवत होते. आता सोताची बी परत पाठवता का?”

भावानं प्लास्टिकचा तुकडा शर्टाला पुसला. त्यानं परत पाठवलेल्या गाड्या मलाही आठवत होत्या. त्या माणसांचे चेहरे त्याला आठवत असावेत.

“हो,” तो म्हणाला. “तेच करून राहिलो. डबे ठेवून जाय, रोहिणीत ये.”

अक्षय तृतीयेला पाहुणे आले. धरण अर्ध्यावर उतरलेलं, बोट नाही. आयोजकांनी दोन बांबू रोवून त्यांना फीत बांधली आणि पाहुण्यांनी ती कापली. पलीकडे चिखल होता, त्याच्या पलीकडे पाणी. भाषणात जलपर्यटनाचा उल्लेख झाला म्हणे. आम्ही दोघं वावरात बोटीवरची धूळ पुसत होतो.

परवानगीचं काय होतं म्हणून भाऊ महिनाभर फोनकडे बघत होता. फोन आला नाही. दुसऱ्याला द्यायची तर दुसऱ्याकडे बोट हवी, आणि आसपास ती कुणाकडेच नव्हती. मेअखेर रोहिणी लागल्या तेव्हा प्लास्टिकखाली दव धरलं नाही. मग फोडांचे खड्डे भरले, अस्तराचे हात दिले, वर साधा पांढरा रंग. इंजिनिअरनं पावसाळ्यानंतर सही केली.

पहिल्या फेरीला फक्त मी आणि वहिनी. फीत नाही, हार नाही. धरण काठोकाठ होतं. मधोमध गेल्यावर भावानं इंजिन बंद केलं. बोट आपोआप सरकत राहिली, मग तेही थांबलं. पाण्यात ढग होते.

“आता काहून थांबलो?” वहिनींनी विचारलं.

“थांबलो नाही,” भाऊ म्हणाला. “बसून राहिलो.”