ऐकणारा साहेब

नारायण भोये गेल्याची बातमी आली तेव्हा मी न्हाव्यासमोर बसलो होतो आणि माझी अर्धी दाढी व्हायची होती. रस्त्यावरून कोणीतरी ओरडत गेलं, "आपले सायेब गेले!" जव्हारात साहेबांना तोटा नाही. संस्थान विलीन झाल्यापासून तर आळीआळीला एकेक साहेब आहे. पण 'आपले' म्हटल्यावर न्हाव्याचा वस्तरा थांबला आणि मीही उठलो. नारायण कचेरीतला साधा कारकून. त्याला उभा तालुका साहेब म्हणायचा, कारण आमच्या हौशी नाटक मंडळीत इंग्रज साहेबाचं काम कायम त्याच्याकडे. दुसऱ्या अंकात यायचं, पाच वाक्यं बोलायची आणि जायचं. मी एका गालाला साबण तसाच घेऊन त्याच्या दारात पोचलो. रखमावहिनींनी रडतारडता माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तो हुंदका नव्हता, हसू होतं, हे मी आजही पैजेवर सांगतो.

आता माझ्याविषयी. मी नायक. माझं कापडाचं दुकान आहे, नाटकाचे पडदे दुकानातून यायचे, तेव्हा नायक दुसरा कोण होणार? नारायणाच्या वाट्याला साहेब आला तो त्याच्या घाऱ्या डोळ्यांमुळे, आणि मंडळीकडे एक जुनी सोला हॅट होती ती त्याच्याच डोक्याला बसायची म्हणून. कुठलंही ऐतिहासिक नाटक बसवलं की त्यात कुठून तरी एक साहेब घुसवायचा, असा नियमच झाला. पौराणिक नाटकात मात्र बिचारा भालदार व्हायचा. तेव्हाही बाजारातली माणसं म्हणायची, आज सायेब भालदार झालाय.

त्याच्या अभिनयाविषयी लिहायचं तर पोटातलं ओठावर आणावं लागेल. नारायण रंगभूमीवर काहीच करायचा नाही. ऐकायचा. मी दहा-दहा मिनिटं भाषणं ठोकायचो, हात फेकायचो, घसा फाडायचो, आणि हा समोर उभा राहून मान किंचित कलती करून ऐकत राहायचा. असा ऐकायचा की लोक माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "नारायणा, तू जरा कमी ऐक की!" तो म्हणाला, "शेट, मग तुमचं भाषण कोणाला ऐकवता?" मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्यानं कधी दाखवलं नाही.

विलीनीकरणाला दोन-तीन पावसाळे झाले असतील. पूर्वी गाऱ्हाणं असलं की दरबारात जाऊन उभं राहायचं, एवढं तरी लोकांना माहीत होतं. आता कुठल्या कचेरीत कोणापुढे उभं राहायचं हे आम्हा गावातल्यांनाच धड कळत नव्हतं, तर पाड्यावरच्या माणसाला कुठून कळणार? त्या वैशाखात बाजाराच्या दिवशी, दुपारी चार वाजता आम्ही नाटक लावलं. माणसांना उजेडात घरी पोचता यावं म्हणून चार, आणि आमच्या दोन गॅसबत्त्यांतली एक फुसकी होती म्हणूनही. मी राजपुत्र. दुसऱ्या अंकात साहेबापुढे प्रजेचं दुःख मांडणारं माझं मोठं भाषण. ते संपवून मी छाती फुगवून टाळ्यांची वाट बघतोय, तर पुढे बसलेली एक बाई उठली आणि थेट साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सायेब, याचा आयकलास ना? आथा माझा आयक," ती म्हणाली.

ती दाभोशाकडच्या पाड्यावरची सोमी. तिचा एक बैल राखीव जंगलात चरायला शिरला म्हणून गार्डानं धरून नाक्यावर बांधून ठेवला होता. पाऊस तोंडावर आलेला. एका बैलानं भाताचा चिखल होत नाही, आणि चिखल झाला नाही तर आवणी नाही, रोपं लावायचीच राहणार, म्हणजे वर्षभर चूल थंड. तिनं हे सगळं सांगितलं, आणि नारायण मान कलती करून ऐकत राहिला. विंगेतून सूचक त्याचं वाक्य ओरडतोय, "तुमच्या मागणीचा विचार केला जाईल!" पण नारायण म्हणाला, "तुझा बैल सुटेल. माझा शब्द." मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या उभ्या हयातीत मला तेवढ्या टाळ्या मिळाल्या नाहीत.

पडदा पडल्यावर मी त्याला धरलं. "अरे, कारकुंड्या माणसा, काय बोलून बसलास?" दुसऱ्याच दिवशी तो रीतसर अर्ज लिहून नाक्यावर गेला. गार्ड मोखाड्याकडचा, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भोये, तू बी नोकर, मी बी नोकर. वरून हुकूम आण." वरचे साहेब होते ठाण्याला. हुकूम येईपर्यंत आवणी सोडाच, कापणीही झाली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नारायण दुकानात आला आणि म्हणाला, "शेट, नाटकातला कोट, हॅट आणि बूट द्या."

"वेड लागलंय? तोतया म्हणून धरतील. नोकरी जाईल तुझी!"

"त्या बाईला शब्द कोणी दिला? भोयेनं?"

"नाही... साहेबानं."

"मग साहेबानंच जायला नको?"

मी छत्री घेऊन त्याच्याबरोबर निघालो. घाबरलो होतो, पण बघायची हौसही होती. वैशाखाचं ऊन, अंगात लोकरीचा कोट, तोंडाला सफेदा. बूट दोन बोटं मोठे, म्हणून ते त्यानं हातात घेतलेले. पहिल्या चढालाच सफेदा वितळून गळ्यात उतरला. नाक्याजवळ त्यानं बूट चढवले तेव्हा त्या ध्यानाला आंधळ्यानंसुद्धा इंग्रज म्हटलं नसतं. मला वाटलं, गार्ड पोट धरून हसणार आणि मग शिपाई बोलावणार.

ज्यांनी मोखाड्याकडचा बोहाडा पाहिला नसेल त्यांना पुढचं खरं वाटायचं नाही. बोहाड्यात देवादैत्यांचे मुखवटे घालून सोंगं निघतात. आत शेजारचा माणूस आहे हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण सोंग दारात आलं की त्याला नावानं हाक मारायची नाही. त्याचे पाय धुवायचे, ओवाळायचं. गार्डाच्या घरीही पिढ्यान्पिढ्या एक सोंग होतं. त्यानं नारायणाला पायापासून हॅटपर्यंत न्याहाळलं. ओठ हलले, हसू अगदी काठावर आलं, आणि तिथंच थांबलं. त्यानं बायकोला हाक मारली, "पानी आन गं. सोंग आलाय दारात."

बूट काढून तिनं साहेबाचे पाय धुतले. दिवा ओवाळला. नारायण म्हणाला, "सोमीचा बैल."

गार्ड बैलाजवळ गेला. मग म्हणाला, "दारातला सोंग रिता कसा धाडू? ने. वरून कोनी इचारला तं सांगंन, सायेब आला व्हता. खोटा नाय त्यात काय." आणि त्यानं स्वतः दावं सोडलं.

परतताना नारायणाच्या एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात दावं. मध्येच थांबून म्हणाला, "शेट, आज नाटक संपलं बघा." त्याचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही. त्या वर्षी सोमीची आवणी झाली. पुढे प्रत्येक बाजारी कोणी ना कोणी साहेबाकडे गाऱ्हाणं घेऊन यायचं. नारायण कचेरी सुटल्यावर ओट्यावर बसून ऐकायचा. कधी काम व्हायचं, कधी व्हायचं नाही. ऐकायचा मात्र सगळं.

परवा, त्याला जाऊन महिना होत आला असताना, सोमी दुकानात आली. रखमावहिनींनी धाडलं होतं. आता चांगलीच थकली आहे.

"सायेब गेला. पन सोंग रिता ठेवत नाय आमच्यात. कोनाला तरी घ्यावा लागतो. बाई बोलली, शेटला इचार." मग माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, "तू कोन व्हतास रं त्या नाटकात?"

"राजपुत्र," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"म्हंजे तो बडबड्या?"

"हो. तोच."

ती विचारात पडली. आपण चुकीचा माणूस तर निवडत नाही ना, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला सांगायचं होतं की बाई, मी दुकानदार माणूस, मला कचेरीतलं काही कळत नाही, ठाण्याला माझी ओळख नाही... चांगलं दहा मिनिटांचं भाषण जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं.

"घेतो," मी म्हणालो.

सोमीनं टोपली खाली ठेवली, उंबऱ्यावर बसकण मारली आणि ती म्हणाली, "मंग आयक सायेब. आमच्या पाड्याला मास्तर नाय..."

मी मान किंचित कलती केली.